फिरवून न पाहिलेला आरसा

सर, मी भांडायला आलो होतो.

मुलुंडच्या तुमच्या इमारतीचा जिना चढताना पहिलं वाक्य मी मनात घोळवत होतो. दक्षिणेतल्या डोंगरावरच्या वेधशाळेतून निघाल्यापासून तेच चाललं होतं. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर वरच्या पायऱ्यांवर चपलाच चपला. तुमच्या दाराशी एवढ्या चपला मी कधी पाहिल्या नव्हत्या. तुमच्याकडे माणसं फार येत नसत, आणि आलेल्यांना तुम्ही फार वेळ बसू देत नसा. कोणीतरी सांगितलं, सकाळी चहा पिता पिता गेले.

काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलास? इतक्या लांबून? तुला कोणी कळवलं रे?"

मला कोणीच कळवलं नव्हतं.

"काखेत काय आहे?"

"ड्रॉइंग."

"त्यांना दाखवायला आणलंस?"

"हो."

त्या पुन्हा रडू लागल्या. त्यांना वाटलं, शिष्य गुरूला आपलं काम दाखवायला आला होता. तुमचं वय झालं आहे, हृदय कमजोर आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी आलो होतो. तुम्हाला त्या ड्रॉइंगसमोर बसवायचं आणि शाळेत फळ्याजवळ उभ्या केलेल्या मुलाला विचारतात तसं विचारायचं: सांगा सर, दोष कोणाचा?

ती गुंडाळी काखेत घेऊन मी स्मशानापर्यंत गेलो. खांदा देताना शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "आण ते इकडे, मी पकडतो." मी दिली नाही.

शोकसभेत लोक म्हणतात, सर गेले हे मनाला पटत नाही. ते प्रेमाने म्हणतात. मलाही पटत नाही, पण रागाने. असं मध्येच उठून जायचं नसतं. आपला वाद संपला नव्हता.

आता तुमच्या स्मरणिकेसाठी मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. तुमच्या हाताखाली तयार झालेला मुलगा म्हणून. ते खरंच आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो, कारण उपकार लपवून सूड घेणं मला जमणार नाही.

मंगळवेढ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मी मुंबईला आलो तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.चा कागद होता आणि राहायला जागा नव्हती. मुलाखतीत तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. चेकनाक्याजवळच्या, दुर्बिणींचे आरसे बनवणाऱ्या तुमच्या शेडमध्ये नेलंत, एका ताटाएवढ्या आरशासमोर स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "डोळा इथे लाव. काय दिसतं ते सांग." एक बारीक उजेड आरशावर पडून परत येत होता आणि त्याच्या वाटेत तुम्ही दाढीचं ब्लेड सरकवत होता. आरशावर सावली पसरली. साधी चकचकीत काच अचानक चंद्रासारखी खाचखळग्यांची दिसू लागली. मग तुम्ही आरशाजवळ जाऊन काचेवर अंगठा टेकवलात, बाजूला झालात, आणि अंगठ्याच्या जागी मला एक टेकडी दिसली. अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. बघता बघता ती टेकडी बसली.

"दिसलं?"

"दिसलं, सर."

"मग उद्यापासून ये."

पहिले आठ महिने मी तुमच्याच घरी राहिलो. काकूंनी मला मुलासारखं वाढलं. माझ्या इंग्रजी अहवालांवर तुम्ही लाल शाईने लिहायचात, "भाषा वाईट, निरीक्षण उत्तम." तो शेरा असलेला कागद माझ्या वडिलांनी देवघरात ठेवला आहे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. लाल शाई म्हणजे शाबासकी, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.

आणि तुम्ही मला एक नियम दिलात. मोठ्या दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तो एका लोखंडी बिछान्यावर ठेवतात. बिछान्याला गाद्या असतात, प्रत्येक गादी तरफेवर तोललेली, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पेललं जातं. आता समजा चाचणीतली चांदणी, म्हणजे उजेडाचा बारीक ठिपका, गोल न दिसता लांबट दिसली, तर वाकडं कोण? काच की बिछाना? तुम्ही म्हणायचात, "आधी आरसा उचल आणि बिछान्यावर नव्वद अंशांनी फिरवून ठेव. दोष आरशाबरोबर फिरला, तर काचेचा. जागच्या जागी राहिला, तर बिछान्याचा. फिरवून पाहिल्याशिवाय कोणाला दोषी ठरवायचं नाही." हे इतक्या वेळा ऐकलं की माझ्या लग्नात सासूबाईंनी भाजी खारट झाल्याचा आळ आचाऱ्यावर घेतला तेव्हा मी म्हणालो, आधी फिरवून बघा. कोणाला काही कळलं नाही. तुम्ही मात्र हसलात.

मग दक्षिणेतल्या त्या डोंगरावरच्या दुर्बिणीचा आरसा आपल्याकडे आला. चार माणसं कडेला बसून जेवतील एवढी काच. तिच्यासाठी शेडच्या छपरातून वर मनोरा काढला, कारण चाचणी वरून खाली बघत करायची होती. बिछान्याचं ड्रॉइंग तुमचं. चाचणी माझी. आणि घासणं नानांचं.

नाना राणे घाटकोपरला चष्म्याच्या काचा घासत मोठे झाले होते आणि वीस वर्षांपासून तुमच्याकडे होते. चौथी शिकलेले. काच घासायच्या रूजच्या लाल पावडरीने त्यांचे हात कोपरापर्यंत कायम लाल. मला ते नावाने कधी हाक मारत नसत.

"बीएस्सी, मेल्या, कागद बघ मागसून. आदी काचेचा आयक."

"काच काय बोलते, नाना?"

"ती बोलत नाय. आयकता सगळा, पण बोलत नाय. तुझ्यासारखीच."

चाचण्या आम्ही रविवारी करायचो, शेजारच्या कारखान्यातले पत्र्याचे प्रेस बंद असत म्हणून. नाना आठवडाभर घासत, रविवारी मी सावली बघून सांगे, इथे केसाच्या हजाराव्या भागाइतकं उंच आहे. सोमवारी ते तेवढंच उतरवत. तुम्ही एकदा पाहुण्यांना म्हणाला होता, "राणेचा तळहात हे माझं सर्वात अचूक यंत्र आहे." विसरला असाल. मी विसरलो नाही.

त्या वर्षी दसऱ्याला बिछाना पुसून काढण्यासाठी आरसा साखळीवर उचलून धरला होता. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू झालंच होतं. माझ्या आईने गावच्या देवीचं कुंकू पुडीत बांधून पाठवलं होतं, पोराच्या हातून होणाऱ्या पहिल्या मोठ्या कामाला लाव म्हणून. मी ते थोडं ओलं केलं.

नाना ओरडले, "तोंडाक हात लायलंस तर तंगडा मोडून हातात दीन! पाठीक लाय."

म्हणून मी आरशाच्या पाठीला बोट लावलं. कुंकवावर अक्षता चिकटवल्या. नाना हसले आणि आरसा खाली घेतला. सर, हे मी आज पहिल्यांदा लिहून देतो आहे. ते बोट माझं होतं.

दिवाळीच्या कामामुळे शेजारचे प्रेस महिनाभर रविवारीही चालू राहिले, म्हणून चाचणी झालीच नाही. महिनाभर घासून झाल्यावर, दुर्बीण उभारणारी समिती आरसा पाहायला येणार त्याच आठवड्यात, चांदणी लांबट झाली. फोकसच्या आत आडवी, बाहेर उभी. तुम्ही आरसा उचलायला लावलात. तो वर गेला, तुम्ही खाली वाकून टॉर्च मारलीत आणि तसेच थांबलात. पाचव्या गादीवर कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा दबून बसला होता.

"हे कोणी केलं?"

शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. धाकट्या बहिणीचं लग्न मी नोकरीला आहे या एका वाक्यावर ठरलं होतं.

नाना म्हणाले, "मीच लायलंय, साहेब."

तुम्ही त्यांच्या लाल हातांकडे पाहिलंत आणि तुम्हाला पटलं. म्हणालात, "महिनाभर आरसा या दाण्यावर वाकून झोपला आणि तसाच घासला गेला. दोष आता काचेत उतरला. वीस वर्षं तुला काच शिकवली राणे, आणि तू तिला देव्हाऱ्यात बसवलीस."

आरसा तेव्हा साखळीवर लोंबकळत होता. मी एवढंच म्हणालो, "सर, खाली घेतोच आहोत, तर नव्वद अंशांनी फिरवून ठेवू या का?"

सर, आपला सगळा वाद एवढाच आहे. आरसा हवेत होता. एका हाताने ढकलला असता तरी फिरला असता. वेळ जाणार नव्हता, कष्ट पडणार नव्हते. तुम्ही म्हणालात, "चूक सापडली आहे. आता काय शोधायचंय? होता तसा ठेव."

आणि मी होता तसा ठेवला.

समितीला तुम्ही सांगितलंत की एका कामगाराच्या अंधश्रद्धेमुळे आरशात थोडा दोष राहिला आहे, तरी तो वापरण्याजोगा आहे. त्यांनी तो घेतला. शनिवारी नानांना यायचं नाही म्हणून सांगितलंत. जाताना नानांनी राळेचं पॉलिशर स्वच्छ धुऊन खिळ्याला टांगलं. मी फाटकापर्यंत गेलो, म्हणालो, "नाना, मी सरांना सांगतो." ते म्हणाले, "तुझ्या भैनीचा लगीन होऊंदे आदी. मगे सांग." बहिणीचं लग्न झालं. मी सांगितलं नाही. माझी नोकरी कायम झाली, तुम्ही पेढे वाटलेत, आणि मी खाल्ले.

चार वर्षं मी मानत आलो की माझ्या एका बोटाने तो आरसा बिघडवला. दोन वर्षांपूर्वी तुमची शेड सोडून त्याच डोंगरावर नोकरीला गेलो तोही त्यासाठीच. बिघडवलेली वस्तू निदान आपण सांभाळावी. तिथले लोक लांबट चांदण्यांना 'मुंबईच्या चांदण्या' म्हणतात. मीही हसायचो.

यंदा आरशाचा अॅल्युमिनियमचा मुलामा उतरवून नवा चढवायचा होता, म्हणून आरसा बाहेर काढला. परत बसवताना मी कोणाला न विचारता तो नव्वद अंशांनी फिरवला. संध्याकाळी पहिल्या चांदणीवर दुर्बीण लावली आणि डोळा टेकवला. आरसा फिरला होता. दोष जागच्या जागी होता.

सर, काच निर्दोष होती.

मग मी बिछान्याखाली शिरलो. कुंकू पाचव्या गादीला होतं. तिची तरफ लोण्यासारखी फिरत होती. अडकली होती तेराव्या गादीची तरफ, तळाला मजबुतीसाठी मागाहून जोडलेल्या पट्टीवर घासून. ती पट्टी ड्रॉइंगमध्ये आहे. वेगळ्या शाईत आहे, आणि शेजारी तुमची सही आणि त्याच दसऱ्याची तारीख. मी तिथेच पाठीवर पडून विचार केला, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती चार वर्षं लक्षात आली नाही याची लाज वाटली. तरफा मोकळ्या असतील तर तांदळाच्या दाण्याने काही बिघडत नाही. तरफ तेवढीच खाली सरकते आणि वजन पुन्हा सारखं होतं. दाण्याने आरसा वाकला असेल, तर बिछाना अडकला होता. दाण्याने वाकला नसेल, तरी बिछानाच अडकला होता. काही झालं तरी नाना सुटत होते. तुम्ही तर हे झोपेतही सांगू शकला असता.

म्हणूनच मला विचारायचं होतं: त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का? टॉर्च घेऊन वाकल्यावर तुम्ही इतका वेळ काय बघत होता? न कळता चुकला असाल तर मी ओरडलो असतो आणि मग कदाचित आपण चहा घेतला असता. कळून चुकला असाल, तर मला तुमच्या पाया पडल्याची सगळी वर्षं परत हवी आहेत. यातलं काय खरं, ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात. ते मला कधीच मिळणार नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. मी तीन आठवडे तुमच्या चेहऱ्याची कल्पना करत होतो. तुम्ही चष्मा काढाल, पुसाल, पट्टीवर बोट ठेवाल. मला ते बोट थरथरताना पाहायचं होतं. हे वाईट आहे, मला माहीत आहे. तरी लिहितो.

तुमच्या शोकसभेला हॉल भरला होता. एका वक्त्याने सांगितलं, "सरांच्या कारकिर्दीत एकच आरसा डागाळला, तोही एका अडाणी माणसाच्या कुंकवापायी." लोक हळहळले. कोणी तरी च्‌च्‌ केलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मी उठलो, माइकपाशी गेलो, सरांनी मला बघायला शिकवलं म्हणालो, आणि खाली येऊन बसलो.

काकूंना घरी पोचवताना मात्र सगळं सांगितलं. त्या जिन्यात थांबल्या.

"माणूस गेला रे आता."

"नाना आहेत, काकू."

"मग तेव्हा का नाही बोललास? तेव्हा तेही होते, तूही होतास."

दाराशी त्या म्हणाल्या, "लिही तुला लिहायचं ते. मी वाचणार नाही." आणि मी आत येण्याची वाट न बघता दार लावून घेतलं. सर, त्यांचं चुकलं नाही. तुमच्यावर उगारलेला हात आधी त्यांनाच लागणार, हे मला दिसत होतं. तरी मी तो खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर नानांकडे गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. ते आता नव्या इमारतींमध्ये मोझॅकच्या लाद्या घासतात. तुमचं सर्वात अचूक यंत्र, सर, अंधेरीच्या बिल्डरांच्या संडासाच्या लाद्या गुळगुळीत करतं. हात लाल नाहीत आता, सिमेंटने पांढरे पडले आहेत.

"बीएस्सी! वाट चुकलंस की काय?"

मी ड्रॉइंग जमिनीवर पसरलं. पट्टी दाखवली, तरफ दाखवली. त्यांनी पट्टीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"म्हंजे काच बरी होती?"

"पहिल्यापासून."

"माका ठावक होता." मग अंगठा उचलून, "ठावक नव्हता. उगाच बोललंय. चार वर्सा माका वाटता, ह्या हातान काच मारली." त्यांनी हात पालथे करून पाहिले. "साहेब गेलो, आयकलंय. सभेत तू बोललंस मा ह्या?"

"नाही, नाना. एकाने तुम्हाला 'अडाणी माणूस' म्हटलं, तरी नाही."

"तेवा गप, आताव गप! तुका शिकवला कित्याक रे एवढा? गप रवाक शाळा लागता?"

त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, स्मरणिकेत लिहितो. सगळं लिहितो, माझ्या बोटासकट. दुर्बिणीच्या समितीलाही हेच पाठवतो, ड्रॉइंग जोडून.

"तुझी नोकरी?"

"बघू."

"साहेबांच्या वायट लिवतलंस?"

"खरं लिहीन."

नाना हसले. "दोनय एकच झाला." मग त्यांनी ड्रॉइंग नीट गुंडाळून दिलं आणि म्हणाले, "एक कर. नुसता नाना लिवू नको. राणे पण नको, राणे छप्पन आसत. सभेत तो माका 'अडाणी माणूस' म्हणालो. माका बापाशीन नाव ठेवलेला आसा, बापाशीच्या नावासकट लिव. माज्या नातवाक वाचूक येता."

परवा स्मरणिकेचे संपादक हा मजकूर पाहून म्हणाले, स्टुलाचा आणि अंगठ्याचा भाग फार सुंदर आहे, तेवढाच घेऊ या. मी सांगितलं, घेतलात तर सगळा घ्या, नाही तर काहीच नको. नाही छापला, तर मी त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून त्या हॉलच्या दारात उभा राहीन आणि सभेला आलेल्या प्रत्येकाच्या घरी एक पोचवीन. यादी मिळवली आहे.

तुम्ही मला बघायला शिकवलंत याबद्दल मी मरेपर्यंत तुमचा ऋणी आहे. आणि तुम्हाला मी माफ करत नाही. दोन्ही एकाच माणसाला म्हणतो आहे, तुम्ही ऐकत नसलात तरी.

तेव्हा सगळ्यांच्या देखत लिहून देतो: तो आरसा शांताराम भिकाजी राणे यांनी घासला, आणि त्यात दोष नाही.